तिच्या अंगात टिकत होते

आजार माझा होता आणि औषध बायकोने खाल्ले. एवढे एक वाक्य लिहायला मला चाळीस वर्षे लागली. त्यावरून माझी लायकी ओळखा.

मी गोव्यातल्या, डिचोलीकडच्या लाटंबार्सेचा. मराठी शाळेत चौथीपर्यंत गेलो, पुढे भातशेती आणि काजूची बाग. बायको शेवंती गेली त्याला अकरा महिने झाले. आरोग्य केंद्रातली सिस्टर माझे प्रेशर बघायला घरी येते. तिच्यापाशी एकदा हे सगळे बोललो. ती म्हणाली, आजोबा, लिहून काढा. आमच्याकडे मूल होत नाही म्हणून जोडपी येतात, पण नवरा बाहेर मोटारसायकलवर बसून राहतो आणि बायको एकटी आत येते.

म्हणून लिहितो आहे, त्या मोटारसायकलवाल्यांसाठी. बायकांना यातले बरेचसे आधीच कळलेले असते.

उष्णता

लग्नाला दोन वर्षे झाली, काही नाही. तिसऱ्या वर्षी आईने शेवंतीला एका घाडीकडे नेले. हा घाडी म्हणजे देवाला विचारून सांगणारा. सकाळी दहा वाजता त्याच्या तोंडाला फेणीचा वास. त्याने शेवंतीकडे बघितले, तांदळाचे चार दाणे मांडले आणि निकाल दिला. म्हणाला, हिच्या अंगात उष्णता आहे. बी पडते, पण आत जळते. टिकत नाही.

एवढाच त्याचा अभ्यास. त्याने नाडी बघितली नाही, माझ्याबद्दल एक अक्षर विचारले नाही. आणि आम्ही सगळे गाढव त्याच्यापुढे नारळ आणि कोंबडा ठेवून परत आलो.

त्या दिवसापासून शेवंतीचे मासे बंद झाले. सुके पण नाहीत आणि ओले पण नाहीत. गोव्यात राहून सहा वर्षे बांगड्याचा वास घ्यायचा आणि दुसऱ्याला वाढायचा, ही शिक्षा काय असते ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. रोज उपाशीपोटी उंबराच्या मुळाचे पाणी. दुपारी आवळा. माझ्या थोरल्या भावाची बायको, आमची वहिनी, ते पाणी स्वतः काढून आणायची आणि समोर उभी राहून पाजायची. वहिनीला तीन मुलगे. त्यामुळे या विषयात तिचा शब्द डॉक्टरच्या वर.

आणि मी? मी शेतकरी. पेरणीच्या आधी पेंढ्याच्या मुडीत बांधून ठेवलेले भात काढून शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधायचो. किती रुजतात ते मोजायचो. कमी रुजले तर बियाणे बदलायचो, शेताला शिव्या देत नव्हतो. एवढी अक्कल मला भाताच्या बाबतीत होती.

बर्फ

पाचव्या वर्षी म्हापशाच्या एका डॉक्टरने सांगितले की आधी नवऱ्याचे तपासा, ते सोपे असते. मला राग आला. पण शेवंती बाजूलाच बसली होती, नाही म्हणता येईना. कंपाउंडरने मला कोपऱ्यात नेऊन एक बाटली दिली आणि डोळा मारला. म्हणाला, इथेच द्या, नाहीतर घरून ताजे घेऊन या, वाटेत खराब होऊ देऊ नका.

तिथे देणे मला जमण्यासारखे नव्हते. बाहेर बाकावर अर्धे म्हापसे बसलेले. मी बाटली खिशात घालून घरी आलो.

आता माझे डोके कसे चालले ते बघा. घाडीने सांगितले होते की उष्णतेने बी जळते. म्हणजे थंडीत टिकणार. शिवाय आमच्याकडे काहीही खराब होऊ द्यायचे नसेल तर बर्फात ठेवतात. सकाळी सायकलवरून मासे विकणारा यायचा, त्याच्याकडून बर्फाचा तुकडा मागून घेतला. जेवणाच्या डब्यात लाकडाचा भुसा, त्यात बर्फ, त्यात बाटली. डबा मांडीवर घेऊन डिचोलीवरून म्हापशाला गेलो. बसमध्ये एकाने मासे समजून विचारले, काय इसवण काय? मी हो म्हटले.

दुपारी कागद मिळाला. इंग्रजीत. मी देणाऱ्याला विचारले, काय आहे? तो मान वर न करता म्हणाला, जिवंत एक पण नाही, सगळी मेलेली.

ज्यांच्यावर असा दिवस आला आहे त्यांना सांगतो, मला वाटले बाजारातल्या सगळ्यांना कळले. मी डॉक्टरकडे परत गेलोच नाही. गेलो असतो तर त्याने विचारले असते, कसे आणले, आणि दोन मिनिटांत उलगडा झाला असता. मी कागदाचे तुकडे करून ते नदीत टाकले आणि घरी येऊन सांगितले, माझे ठीक आहे.

आई म्हणाली, मला माहीत होते. वहिनीने दुसऱ्या दिवसापासून मुळाचे पाणी दोन वेळा सुरू केले.

शेवंती ते पाणी प्यायली.

दुसरी

मग पेडण्याहून मामा आला. मामा बसचा कंडक्टर. सगळ्या तालुक्याच्या मुली त्याला पाठ. पार्सेची एक मुलगी त्याने बघून ठेवली होती. म्हणाला, गोव्याच्या जुन्या पोर्तुगीज कायद्यात हिंदूला मूल नसेल तर दुसरी करता येते, फक्त पहिलीची संमती लागते. मामाला कायदा कितपत ठाऊक होता देव जाणे. पण तो बसमध्ये सुटे पैसे मागतात त्या आवाजात बोलायचा, म्हणून लोकांना खरे वाटायचे.

सगळे ओसरीवर बसलेले. शेवंती चहा घेऊन आली. मामाने तिला तोंडावर सांगितले, बाई, तुझी सही लागेल.

ती म्हणाली, "सही येना माका. अंगठो चलता?"

मी म्हणालो, दुसरी बायको करणार नाही. उठून बागेत गेलो.

गावभर झाले. बायकोवर किती जीव आहे बघा. काजूच्या भट्टीवर लोक मला मान देऊन बोलू लागले. शेवंतीने त्या संध्याकाळी माझ्यासाठी मणगणे केले, चण्याची डाळ, गूळ, नारळाचा रस, सगळे घालून. मला समोर बसवून वाढले. मी दोन वाट्या खाल्ल्या.

खरे कारण मला एकट्याला माहीत होते. दुसरी केली असती आणि तिला पण मूल झाले नसते, तर दोष कुणाचा ते शेंबड्या पोराला पण कळले असते. मला त्याची भीती होती. माझा जीव बायकोवर नव्हता, माझ्या मिशीवर होता.

वास्को

शेवंतीला मात्र ते उपकार वाटले. ती म्हणाली, तुम्ही माझ्यासाठी एवढे केले, आता माझ्या अंगातला दोष मी काढून घेते. काजूच्या कामावर येणाऱ्या एका बाईने तिला वास्कोच्या एका डॉक्टरणीचे सांगितले होते. म्हापशात ओळखीचे भेटतात, वास्को लांब. मी म्हटले, चल.

डॉक्टरीण पन्नाशीची, आवाज पोलिसासारखा. शेवंतीने सांगून टाकले, ह्यांचे ठीक आहे, तपासले आहे. डॉक्टरीण म्हणाली, कागद? मी म्हटले, हरवला. ती म्हणाली, मग परत.

या वेळी घरून आणायला तिने दिले नाही. मागच्या बाथरूमकडे बोट दाखवले. आत एक बालदी आणि भिंतीवर देवीचे कॅलेंडर. मी कॅलेंडर उलटे केले. बाहेर एक बाई लादी पुसत होती, तिची बालदी सरकल्याचा आवाज आला की माझे सगळे बंद. ज्या पुरुषाला या कामाची लाज वाटते त्याला सांगतो, मला पण वाटली, आणि त्या लाजेने कुणी मेल्याचे मी ऐकलेले नाही. आत जा आणि उरकून या.

तासाने तिने दोघांना बोलावले. म्हणाली, फार थोडी आहेत आणि चालायला आळशी आहेत. लहानपणी गालगुंड झाले होते का? झाले होते, पंधराव्या वर्षी, आणि खाली पण सूज आली होती. तेव्हा आजीने चुना लावला होता.

पण माझे कान एका शब्दावर अडकले होते. मी विचारले, चालतात? म्हणजे जिवंत आहेत? तेव्हा तर सगळी मेलेली होती.

बोलून गेलो आणि मग कळले काय बोललो ते. शेवंतीने माझ्याकडे मान वळवली. डॉक्टरीण म्हणाली, तेव्हा म्हणजे केव्हा? मग तिने एकेक प्रश्न विचारून सगळे बाहेर काढले, डबा, भुसा, बर्फ. सगळे ऐकून ती म्हणाली, "बर्फात? ते काय बांगडे होते?"

हसली नाही ती. तिने विचारले, याला किती वर्षे झाली? मी सांगितले, चार. ती म्हणाली, चार वर्षांपूर्वी आला असता तर. आणि तिने कागद ओढून लिहायला घेतले.

बस

पणजीपर्यंत शेवंती खिडकीतून बाहेर बघत होती. डिचोलीची बस मिळाली, जागा मिळाली. मी ज्या माराची वाट बघत होतो तो पडेना. शेवटी अर्ध्या वाटेवर तिने विचारले.

"तेन्ना दुसरी केली ना, ती भंयान?"

तेव्हा दुसरी केली नाही ती भीतीने का, असे तिने विचारले. मी हो म्हटले. इतक्या वर्षांत तिला दिलेले ते माझे पहिले खरे उत्तर असेल.

ती म्हणाली, "माझें मणगणें फुकट गेलें."

आणि हसायला लागली. पदर तोंडात धरून हसत होती, लोक बघत होते. हसता हसता रडायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात पण ठेवला नाही. बसमध्ये बरे दिसत नाही म्हणून.

डिचोलीला उतरल्यावर ती सरळ खानावळीत शिरली आणि तळलेला बांगडा आणि दोन उंडे पाव मागवले. सहा वर्षांनी. काटे चोखून खाल्ले. मला म्हणाली, पैसे द्या.

काचेखाली

पुढच्या खेपेला शेवंतीचे बघायचे होते. घाडी म्हणाला तसे तिच्या अंगात खरेच सगळे मरते का, ते डॉक्टरीण काचेखाली बघणार होती. तिने दिवस मोजून दिला. म्हणाली, आदल्या रात्री एकत्र राहा आणि सकाळी या.

आम्ही राहिलो. सकाळी बसवाल्यांचा बंद. दुसऱ्या दिवशी पण बंद. वास्कोला पोहोचलो तो तिसऱ्या दिवशी दुपारी. डॉक्टरणीने झापले, आता काय बघू कपाळ? पण लांबून आलो म्हणून बघायला तयार झाली. आतला थोडासा पाझर काढून काचेवर घेतला आणि यंत्राला डोळा लावला.

खूप वेळ डोळा काढेना. मग म्हणाली, इकडे या.

शेवंतीला आधी दाखवले. तिला एक डोळा मिटता येईना, हाताने झाकून बघितले. मग मी बघितले. पेजेच्या निवळीसारखे काहीतरी, आणि त्यात तीन का चार. शेपट्या हलत होत्या. माझी होती ती. अडीच दिवसांची.

डॉक्टरणीने सांगितले ते मला समजले तेवढे लिहितो. बाईच्या अंगात दाराशी आंबट असते, तिथे बहुतेक मरतात, सगळ्यांचीच. पण महिन्यातल्या काही दिवसांत आतला पाझर पातळ आणि गोडा होतो. त्यात जी शिरतात त्यांना ते अंग आसरा देते, खाऊ घालते, अडवून ठेवते आणि थोडी थोडी पुढे सोडते. चार दिवस, पाच दिवस पण जगवते, स्त्रीचे बीज येईपर्यंत. बाहेर बाटलीत त्यांचे आयुष्य काही तासांचे.

शेवंतीने विचारले, "मागीर म्हजी उष्णता?"

मग माझ्या उष्णतेचे काय, म्हणून. डॉक्टरीण म्हणाली, "त्या उबेनेच जगली गं. ह्यांनी बर्फात घालून मारली, आणि तू एवढीशी होती ती अडीच दिवस पोसलीस."

शेवंतीने परत एकदा डोळा झाकून यंत्रात बघितले. तिथल्या सिस्टरने उठवेपर्यंत बघत होती.

थर्मामीटर

घरी कुणाला सांगायचे नाही, असे तिनेच ठरवले. म्हणाली, सासूबाई म्हाताऱ्या आहेत, त्यांच्या मागे बघू. मला तेच हवे होते. मी लगेच कबूल झालो, फार मोठ्या मनाने.

दीड वर्ष वास्कोच्या फेऱ्या केल्या. बाकावर सगळ्या बायकाच. एकेकीबरोबर सासू, आणि नवरे समोरच्या चहावाल्याकडे पेपर वाचत. दर महिन्याला तीच गोळी, तेच मोजलेले दिवस. घरात नवराबायकोचे असे काही उरलेच नाही, सगळे डॉक्टरणीने सांगितले म्हणून. एकमेकांचा कंटाळा येतो. येऊ द्या, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

एक गोष्ट मात्र बरी होती. रोज सकाळी उठल्या उठल्या तिने तोंडात थर्मामीटर धरायचा आणि आकडा लिहायचा. तिला आकडे वाचता येत नव्हते. मी जनेलाशी, खिडकीच्या उजेडात जाऊन वाचायचो आणि लिहायचो. ती तोंड मिटून माझ्याकडे बघत असायची. माझ्या संसारातली चांगली वेळ कुठली म्हणाल तर ती, रोजची पाच मिनिटे.

आणि मग राहिले. दोन महिने राहिले. आईने देवीला ओटी मानली. तिसरा लागता लागता सगळे रक्तात गेले.

वहिनी खाटेशी येऊन म्हणाली, घाडी खोटे बोलत नाही, टिकत नाहीच हिच्या अंगात. मी दारात उभा होतो. सांगायची वेळ ती होती. बायको रक्तात पडलेली, आणि मी म्हटले, वहिनी, जरा पाणी तापवा.

परत राहिले नाही. चार वर्षांनी आई वारली. शेवंतीने मला एकदाच विचारले, आता? मी म्हटले, बघू. तिने पुन्हा विचारले नाही. ते बघू पस्तीस वर्षे चालले.

कागद भरताना

गेल्या वर्षी शेवंतीच्या छातीत पाणी झाले. सरकारी इस्पितळात भरती केली. एक शिकाऊ डॉक्टर मुलगी कागद भरत होती. वय, गाव, आधीचे आजार. मुले किती? शेवंती म्हणाली, नाही. दिवस कधी गेले होते? ती म्हणाली, एकदा. आणि कुणी विचारले नसताना पुढे म्हणाली, "म्हज्या आंगांत टिकनासलें."

नाकात नळी, दम लागलेला, आणि अजून मला झाकत होती.

मी त्या मुलीला म्हणालो, "तसे लिहू नका. तिच्या अंगात टिकत होते. दोष माझ्यात होता."

मुलीने त्यातले काहीच लिहिले नाही. तिला पुढचे पेशंट होते. शेवंतीने मात्र माझ्याकडे बघितले. म्हणाली, "आतां सांगतात? आनी कोणाक, तर ह्या चेडवाक." त्या पोरीला, म्हणून.

जरा दम घेतला आणि म्हणाली, "घरा वचून सांगात."

घरी जाऊन सांगायला तिने सांगितले, आणि ती स्वतः घरी आली नाही. नवव्या दिवशी गेली.

बाराव्याला

बाराव्याला पंगत बसली होती. मी मध्ये उभा राहिलो आणि सांगितले. गालगुंड, बर्फ, फाडलेला कागद, काचेखाली बघितलेली तीन-चार, सगळे. मोठ्याने सांगितले.

लोक पानाकडे बघत राहिले. एकाने भात मागितला. मामाचा मुलगा मला हाताला धरून बाजूला घेऊन गेला, म्हणाला, बसा, दुःखाने माणसाचे असे होते. मागे कुणीतरी म्हणत होते, केवढा जीव बघा बायकोवर, मेल्यावर सुद्धा तिचा दोष अंगावर घेतो. म्हणजे खोटे बोललो तेव्हा मान मिळाला आणि खरे बोललो तेव्हा पण मानच मिळाला. असल्या लोकांना भिऊन मी जन्म काढला.

फक्त वहिनीने विश्वास ठेवला. ती आता ऐंशीला आली आहे. माणसे गेल्यावर काठी टेकत आली आणि माझ्याजवळ बसली. बराच वेळ पदराशी खेळत होती.

"भावजी, हें आदीं सांगपाक जाय आशिल्लें. तिन्ही सुनांची ओटी भरली, तिका एकदाय बोलयलें ना."

ओटीभरणीला तिला एकदाही बोलावले नाही, आधी सांगितले असते तर बोलावले असते, असे म्हणत होती. मनापासून म्हणत होती, डोळ्यांत पाणी होते. मला तिला शिवी पण देता आली नाही.

वहिनीचे घर आणि आमचे घर, मध्ये एकच भिंत. तिन्ही सुनांच्या ओटीभरणीला पलीकडे बायका जमल्या होत्या, गाणी चालली होती. शेवंतीला ती सगळी गाणी येत होती. मला भात आणि माशाचे हुमण वाढता वाढता ती भिंतीकडे तोंड करून, ओठांतल्या ओठांत, त्यांच्याबरोबर म्हणायची.

मी म्हणायचो, हुमण वाढ.